उसन्या

१

त्या वर्षांत सोलापुरात नवा सिनेमा लागला, की लोकांना तो आधी महादेवप्पाच्या तोंडून कळायचा आणि मग भिंतीवरच्या कागदावरून. दोन्ही बाजूंना रंगीत फळ्या बांधलेला टांगा, टपावर कर्णा, बैठकीखाली बॅटरी, आणि मागच्या बाजूला पाय सोडून बसलेला महादेवप्पा. टांगा ईरप्पा हाकायचा आणि घोडं आपल्या मर्जीनं चालायचं. बाळीवेशीत बोललेलं शुक्रवार पेठेतल्या माडीवर ऐकू जायचं, असा त्याचा आवाज होता. ईरप्पा म्हणायचा, बॅटरी नुसती बायकोसारखी सोबतीला आहे, तिचं काही चालत नाही. "आजपासून रोज तीन खेळ, सहकुटुंब सहपरिवार" एवढे साधे शब्द, पण ते अशा काही थाटात यायचे, की चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत बायका खिडकीतून हलत नसत. त्याबद्दल दोन-तीन सासवांनी त्याला भर रस्त्यात सुनावलंही होतं. त्यानं त्यांना कर्ण्यातून नमस्कार केला होता.

माणूस मोठा हौशी. खिसा बेताचा असला तरी घरात हसणं भरपूर. बायको गिरिजाबाई त्याच्यापेक्षा खट्याळ, आणि नीलव्वा ही एकुलती एक पोर दोघांच्या वरताण. फरक इतकाच, की नीलव्वा बोलत नसे.

आधी बोलायची. टांगा गल्लीत शिरला, की उंबऱ्यावर उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडायची, "अप्पा, तंदा आला." टांग्याला ती तंदा म्हणायची, आणि मग सगळी गल्लीच तंदा म्हणायला लागली होती. मग दोन वर्षांची असताना शेतावरच्या येळवशीच्या सणाहून घरी आली ती गप्प. ताप नाही, पडझड नाही, भ्यालेलीही दिसेना. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले, बोलेल आपोआप. आता ती सहा वर्षांची झाली होती. खेळायची, भांडायची, पोट धरून हसायची, पण हसण्याला आवाज नव्हता.

महादेवप्पा चारचौघांत थट्टा करायचा, की एका घराला देवानं ठरावीकच आवाज दिला होता आणि तो बापानं एकट्यानंच संपवला. लोक हसायचे, तोही हसायचा. पण टांगा गल्लीत शिरताना तो नेमका बोलायचा थांबे. उंबऱ्यावर ती हात वर करून उभी असे, तोंड उघडं, डोळे आनंदानं चमकणारे, आणि त्या क्षणी त्याला फार वाईट वाटे.

२

दुष्काळ मागं पडून दोन पावसाळे चांगले झाले होते. अक्कलकोटच्या वाटेवर त्यांचं वडिलोपार्जित रान होतं. ते थोरला भाऊ चनबसप्पा कसायचा. त्या साली तिथं ज्वारी अशी उभी होती, की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसू नये. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी घरात चूल पेटवून बसायचं नसतं. सगळ्या कुटुंबानं शेतात जायचं, कडब्याची खोप उभारायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवस मावळेपर्यंत खात बसायचं. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून पंगतीला बसवतात.

पूजेनंतर आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घालतात. पुढचा माणूस आंबील शिंपडत ओरडतो, "ओलगे ओलगे", आणि मागची मंडळी उत्तर देतात, "सालम पोलगे". हा पुढचा मान दर साली महादेवप्पाचा. त्याचा आवाज ऐकून शेजारपाजारच्या रानातलेसुद्धा उत्तर द्यायचे. त्या दिवशी तीन-चार शेतं मिळून एकच घर झाल्यासारखी वाटत.

फेरी संपली. पोरं ज्वारीत, बांधावर, विहिरीकडं पांगली होती. चनबसप्पाची बायको बसव्वा खोपीच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला जेवायला हाका मारू लागली. ती नाव घ्यायची, कुठून तरी "ओ" यायची, आणि पाठोपाठ पोर धावत यायचं. सगळ्यांची नावं घेऊन झाली. सवयीनं, न थांबता तिनं पुढचंही घेतलं.

"नीलव्वाऽ"

"ओ."

स्वच्छ, गोड, लहान पोरीची ओ. भांड्यांवर पळ्या आपटायच्या थांबल्या. मग जे झालं ते सांगायला नको. गिरिजाबाई धावत आली आणि तिनं पोरीला छातीशी धरून रडायला सुरुवात केली. चनबसप्पानं गुळाची ढेप बुक्कीनं फोडली आणि दिसेल त्याच्या तोंडात खडा कोंबला. बसव्वा तर पांडवांपुढं लोटांगणच घालायला निघाली. सगळे हसतात म्हणून नीलव्वाही हसू लागली.

महादेवप्पा मात्र होता तिथंच बसून राहिला. गिरिजाबाईनं उचलून नेईपर्यंत नीलव्वा त्याच्याच मांडीवर होती. ओ आली तेव्हा त्यानं नुकताच अख्खा उंडा तिच्या तोंडात भरवला होता. तिचे दोन्ही गाल टम्म फुगलेले होते, आणि ती डोळे मिटून चावत होती. ओ आली ती त्याच्या पाठीमागून, उभ्या ज्वारीतून.

सांगायला म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण गिरिजाबाईचा चेहरा दिसला. इतकी खूश झालेली ती त्याला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. त्यानं तोंड मिटलं. येळवशीच्या दिवशी शेतात कुणी वाईट बोलत नाही, ही लहानपणापासूनची शिकवण होती, आणि तीच त्यानं स्वतःला कारण म्हणून सांगितली.

शेजारच्या रानाची मालकीण सोनाबाई धपाट्यांची चळत घेऊन आली होती. तिला सगळ्यांनी आनंदाची बातमी सांगितली. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, मग वर पाहिलं. खोपीच्या शेंड्यावर एक काळं पाखरू बसलं होतं. शेपटीची दोन टोकं दोन दिशांना वळलेली. झपकन खाली आलं, नाकतोडा उचलला, पुन्हा जागेवर जाऊन बसलं.

"कोतवाल हाय," चनबसप्पाचा मोठा पोरगा शाळेतलं ज्ञान दाखवत म्हणाला.

"आता म्हनत असतील कोतवाल," सोनाबाई म्हणाली. "माझी सासू उसन्या म्हनायची. ऐकतंय ते उसनं घेतंय."

पोरांना नाव फार आवडलं. जेवण होईपर्यंत ती एकमेकांना उसन्या म्हणत होती. पाखरू मान वाकडी करून खाली बघत होतं.

३

शुक्रवार पेठेत बातमी त्यांच्या आधी पोचली. पेढे वाटले गेले. गल्लीतल्या बायकांनी वाट्या पाठवल्या, कुणी लाडू, कुणी शेंगांची चटणी. गिरिजाबाईनं त्या वाट्या धुऊन कुणाला साखर, कुणाला चिवडा घालून परत केल्या, कारण शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं म्हणजे त्या गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

नीलव्वा मात्र बोलेना. गिरिजाबाई स्वयंपाकघरातून हाक मारायची, न्हाणीतून हाक मारायची, पोर झोपेतून उठायच्या आत उशाशी बसून हाक मारायची. पोर हसत पळत यायची आणि मुक्यानंच काय म्हणून विचारायची. चार दिवस झाले, आठ झाले. गिरिजाबाईचं हाक मारणं थांबत नव्हतं, पण आवाज बारीक होत चालला होता. लोकांनी विचारलं, की ती म्हणायची, मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग नवऱ्याकडं बघायची, आणि महादेवप्पा मान हलवायचा.

त्यानं स्वतःशी पुष्कळ हिशेब मांडून पाहिला. आवाजाचाच धंदा असल्यामुळं त्याला आवाजाच्या खोड्या ठाऊक होत्या. टॉकीजच्या मागच्या बोळात त्याचे स्वतःचेच शब्द भिंतीवर आपटून दुसऱ्या कुणाचे म्हणून परत यायचे. पण उघड्या रानात भिंत कुठली? उंडा तोंडात असताना पोर ओ देऊ शकते का, हे त्यानं एक दिवस टांग्यात भाकरीचा मोठा घास भरून करून पाहिलं. ईरप्पानं घोडं थांबवलं आणि पाणी पुढं केलं.

शेवटी हरभऱ्याचा डहाळा आणतो असं घरी सांगून तो एकटाच सकाळच्या एसटीनं शेतावर गेला.

खोप अजून उभी होती. वारा नव्हता, आणि ज्वारीचं पानही हलत नव्हतं. चनबसप्पा विहिरीकडं होता, मोटेचा आवाज येत होता. पाखरू खोपीच्या शेंड्यावर होतं. महादेवप्पाला स्वतःचंच हसू आलं. चाळिशीचा माणूस, एका पाखरासाठी तिकीट काढून आला होता. तरी त्यानं हाक मारली.

"नीलव्वाऽ"

"ओ."

पाखराची चोच हलली की नाही, हे त्याला नंतर कितीही आठवलं तरी ठरवता आलं नाही. ओ त्या दिशेनं आली एवढं खरं.

"कुटं हायस?" त्यानं विचारलं.

मग ज्वारीच्या वरून, अगदी स्पष्ट, दोन वर्षांच्या पोरीच्या बोबड्या आवाजात शब्द आले. "अप्पा, तंदा आला."

भीती नंतर वाटली. आधी त्याला इतका आनंद झाला, की तो रडला आणि हसला, दोन्ही एकदम. कुठं हरवलं म्हणून जे चार वर्षं शोधत होतो ते इथं होतं, शाबूत होतं, एक अक्षरही कमी झालेलं नव्हतं.

बांधाच्या पलीकडं सोनाबाई गवत कापत होती. तिनं ऐकलं होतं, पण तसं दाखवलं नाही. महादेवप्पानं तिला जाऊन विचारलं, की आपलं उसनं गेलेलं परत कसं मागायचं. तिनं विळा गवतात ठेवला.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "आमच्यात आपलं भांडं मागाया जाताना कुनी मोकळ्या हातानं जात न्हाय, एवढं ठावं हाय."

४

चनबसप्पा विहिरीवरून आला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ खोपीसमोर उभा राहून मोकळ्या गळ्यानं सिनेमाची जाहिरात करत होता. कर्णा नाही, बॅटरी नाही, टांगा नाही. आजपासून रोज तीन खेळ. हसा, रडा, पुन्हा हसा. लहान मुलांना अर्धं तिकीट. खुडणीच्या बायका हरभरा टाकून गोळा झाल्या. एकीनं विचारलं, हे टॉकीज कुठं निघालं? महादेवप्पानं हात पसरून सगळं रान दाखवलं, आणि बायका ओट्या सावरत हसून वाकड्या झाल्या.

त्या दुपारी तो जसा बोलला तसा आयुष्यात बोलला नव्हता. गेल्या कैक वर्षांच्या सगळ्या जाहिराती त्यानं म्हटल्या. मग अभंग, वचनं, लग्नातली मंगलाष्टकं, गिरिजाबाईला पहिल्यांदा मारलेली हाक, नीलव्वाची अंगाई, येळवशीचं ओलगे ओलगे, सगळं. बायका कंटाळून कामाला लागल्या. चनबसप्पानं तांब्याभर ताक आणून ठेवलं आणि डोकं खाजवत निघून गेला. पाखरू मात्र हललं नाही. एरवी क्षणभर एका जागी न टिकणारं ते, नाकतोडे डोळ्यांदेखत उड्या मारत असताना, मान वाकडी करून ऐकत होतं.

घसा बसायला आला तेव्हा महादेवप्पा खोपीजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे ठेव तुला. माझ्या पोरीचं दे."

पाखरू उडालं आणि ज्वारीच्या वरून खालीवर करत पलीकडं दिसेनासं झालं. बस, एवढंच. महादेवप्पा डहाळा खांद्यावर टाकून एसटीला गेला. वाटेत त्याला आपण केलेल्या वेडेपणाची लाज वाटू लागली होती.

गल्लीत शिरला तेव्हा दिवेलागणीला अजून अवकाश होता. उंबऱ्यावर नीलव्वा उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले.

"अप्पा," ती ओरडली, "तंदा आला."

टांगा नव्हता. तो पायी आला होता. आणि सहा वर्षांची पोर दोन वर्षांच्या पोरीच्या आवाजात बोलत होती. पण हे सगळं लक्षात यायला त्याला त्या संध्याकाळी सवड कुठली? गिरिजाबाई आतून धावली, शेजारणी धावल्या, कुणी तरी शंख फुंकला. ईरप्पानं घोडं जुंपून आणलं आणि पोरीला टांग्यात बसवून सगळ्या पेठेतून मिरवलं. नीलव्वा वाटेतल्या प्रत्येक माणसाला ओरडून सांगत होती, की तंदा आला.

५

पाडव्यापर्यंत तिची जीभ वळली. मग ती थांबेचना. उठल्यापासून झोपेपर्यंत बडबड. गिरिजाबाई कानांवर हात ठेवायची आणि हाताआडून हसायची.

महादेवप्पाचा घसा त्या दुपारनंतर सुटलाच नाही. डॉक्टर म्हणाले, फार ताणलाय, विश्रांती द्या. त्यानं दिली. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. आवाज दर आठवड्याला थोडा बारीक होत गेला, पावसाळ्यात कुजबूज उरली, आणि दसऱ्याच्या सुमाराला तीही गेली. धंदा बुडायचा, पण टांग्यात त्याच्या शेजारी नीलव्वा बसू लागली होती. एक दिवस तिनं कर्ण्याचा माईक हातात घेतला आणि सगळी जाहिरात, बापाच्या थाटासकट, घडाघडा म्हटली. सोलापूर खूश झालं. आठ आण्यांची पोर तीन रुपयांचं बोलते, असं लोक म्हणायचे. टॉकीजच्या मालकानं तिला फ्रॉक शिवला. महादेवप्पा मागं पाय सोडून हातवारे करायचा आणि पोर बोलायची, आणि दूध पूर्वीपेक्षा जास्त उतू जाऊ लागलं.

त्याला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. आपलं द्यायचं ते दिलं, घ्यायचं ते घेतलं, आणि घेतलेलं जास्त मोलाचं निघालं, असं त्याला वाटे. तो इतका सुखी आधी कधीच नव्हता.

फक्त एक दुपार त्याच्या मनातून जात नसे. नीलव्वा परसात एकटीच खडे मांडून शेत-शेत खेळत होती. तो दारात आला. परसातून म्हाताऱ्या पुरुषाचा चिरका आवाज येत होता, कानडीत, बैलांना हाकणारा. नावं घेऊन, जिभेनं टकटक करत, मधूनच खोकत. महादेवप्पानं कोपऱ्याकोपऱ्यात पाहिलं. पोरीशिवाय तिथं कुणी नव्हतं. "नीलव्वा," गिरिजाबाईनं आतून हाक मारली. "ओ," पोर आपल्या आवाजात म्हणाली आणि खडे टाकून पळत गेली.

पुढं चनबसप्पा बाजाराला आला तेव्हा महादेवप्पानं ती बैलांची नावं पाटीवर लिहून त्याला दाखवली. चनबसप्पा म्हणाला, की आपल्या आज्याच्या जोडीची नावं ती, तुला कुणी सांगितली, मलाच नीट आठवत नव्हती. महादेवप्पानं पाटी पुसली. भांडं रिकामं परत येत नाही, हे त्याला माहीत होतं. आत आणखी काय काय घालून दिलंय, ते त्यानं मोजायचं नाही असं ठरवलं.

६

पुढची येळवस आली. ज्वारी गेल्या सालापेक्षाही उंच होती. पांडव मांडले, पूजा झाली, आणि फेरीच्या वेळी चनबसप्पानं मडकं महादेवप्पाच्या हातात दिलं, पण मान पोरीला दिला. नीलव्वा बापाच्या खांद्यावर बसली आणि तिनं हाक दिली, "ओलगे ओलगे".

"सालम पोलगे," मागून सगळे ओरडले. आणि सगळ्यांचं ओरडून झाल्यावर, मागाहून, सावकाश, आणखी एका माणसानं म्हटलं, "सालम पोलगे".

भरदार, कमावलेला, लांबवर जाणारा आवाज. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. महादेवप्पाच्या हातातल्या मडक्यातून आंबील पायावर सांडली. आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे माणसाला सहसा ठाऊक नसतं, पण त्याला कर्ण्यामुळं ठाऊक होतं.

त्यानं स्वतःला समजावलं. ठेवायला दिलेली वस्तू आहे ती, असणारच इथं. आपणच दिली, आपल्या हातानं. पाखरू आहे, नकला करतं. त्यानं खोपीवर पाहिलं. खोपीवर पाखरू नव्हतं. बांधावरच्या बाभळीवर नव्हतं, बैलांच्या पाठीवर नव्हतं. जेवताना त्यानं एकसारखं वर पाहिलं, म्हणून बसव्वानं विचारलं, की पाऊस येणार आहे का.

जेवणं झाली. माणसं लवंडली, पोरं लपंडाव खेळू लागली. महादेवप्पा खोपीच्या मागं हात धूत होता. पलीकडून नीलव्वाचा आवाज आला. तिच्यावर राज्य नव्हतं, कंटाळली होती बहुतेक.

"अप्पा, कुटं हायस?"

तो वळला. तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं, कारण उत्तर आलं.

"ओ. हितं हाय की. ये."

प्रेमळ, हसतं, जरा थट्टेखोर. तो स्वतः जसं म्हणाला असता तसंच. शेताच्या मधून. नीलव्वाच्या पायांचा आवाज आला आणि ज्वारीची ताटं सळसळली.

महादेवप्पा धावला. ओरडायचा प्रयत्न केला. सगळ्या सोलापूरला ऐकू जाणाऱ्या गळ्यातून वाऱ्याची नुसती फुंकर निघाली. खोपीत माणसं पाठ करून पान लावत बसली होती. तो तसाच ज्वारीत घुसला. पात्यांनी तोंड कापलं. पुढं पोरीचं हसणं, त्याच्या पुढं तो आवाज, "ये, ये, नीलव्वा, उचलून घेतो."

तो पोचला तेव्हा ती उभी होती. दोन्ही हात वर, कुणी उचलून घ्यावं म्हणून करतात तसे. तिच्यासमोर ज्वारी दोन्ही बाजूंना लवली होती, जड काही तरी मधून गेल्यावर लवते तशी. भर दुपारी ताटांमधून ऊन गळत होतं. फक्त तिच्यासमोर, माणूसभर उंचीच्या जागेत, ते गळत नव्हतं. तिथं वर पाहायचं त्याला धैर्य झालं नाही. त्यानं खाली पाहिलं. ताटांच्या मुळाशी मातीला दोन काळी, चकचकीत टोकं टेकली होती, दोन दिशांना वळलेली. एकेक टोक त्याच्या मनगटाएवढं जाड होतं.

त्यानं पोरीला उचललं आणि मागं फिरला.

ती हातपाय झाडू लागली. त्यानं तिचं तोंड आपल्याकडं वळवलं, बघ, मीच आहे, मीच. बोलता येईना म्हणून तो फक्त बघत राहिला. नीलव्वानं त्याला नीट पाहिलं. घाबरली नाही. घरी आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं तिनं पाहिलं.

"तुमी न्हाय," ती म्हणाली. ती बापाला अरे-तुरे करायची. "अप्पा तितं हाय."

आणि त्याच्या खांद्यावरून मागं दोन्ही हात पसरून, तिच्या त्या गोड, स्वच्छ, सगळ्या शहरानं कौतुक केलेल्या आवाजात तिनं हाक मारली, "अप्पाऽ"

"ओ," ज्वारीतून उत्तर आलं.

खोपीत सगळ्यांनी ते ऐकलं. कुणी तरी झोपेत हसलं. चनबसप्पा उठून बसला आणि कुशीवरच्या बायकोला हलवून म्हणाला, अगं, महाद्याचा गळा सुटला. गिरिजाबाईच्या हातातलं पान खाली पडलं. ती खोपीबाहेर आली, दोन्ही हात जोडून पांडवांकडं वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या साली पोरगी, यंदा नवरा. देवानं तिचं काहीच बाकी ठेवलं नव्हतं.

महादेवप्पा पोरीला घट्ट धरून ताटं तुडवत तिच्याकडं येत होता. नीलव्वानं पुन्हा हाक मारली, आणि या खेपेची ओ पहिल्यापेक्षा जवळून आली.